जर्सीवरचा नंबर तडकू नये म्हणून
जर्सीच्या पाठीवरचं नाव आणि नंबर बहुधा उष्णता देऊन चिकटवलेले असतात, आणि उष्णतेनेच ते सुटतात. धुताना जर्सी उलटी करा. पाणी 30 अंश सेल्सिअसच्या वर नको. जीन्स किंवा चेनचे कपडे सोबत टाकू नका. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको: त्याचा थर पॉलिस्टरच्या धाग्यांवर बसतो आणि घाम लवकर सुकत नाही. ड्रायर टाळा, सावलीत वाळवा. 1990 च्या दशकातल्या जर्सीवर मखमलीसारखे फ्लॉक नंबर असतील तर ती हातानेच धुवा, न चोळता, न पिळता. इतकी जुनी जर्सी मशीनमध्ये टाकणं म्हणजे जुगारच. ठेवताना घडी नंबरावरून जाऊ देऊ नका. भेग तिथूनच पडते. छापील भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये साधा पांढरा कागद घाला.