साठवणीच्या तांदळात पुन्हा पुन्हा टोके: शेवटी काय लागू पडलं

चाळून, निवडून भरलेल्या कोलममध्ये महिना-दोन महिन्यांत पुन्हा टोके आणि डब्याच्या तळाशी पीठ. कडुनिंबाचा पाला, लवंगा, सगळं करून वैताग आला. टोक्याची मादी दाणा कोरून आत अंडी घालते. चाळणीत ती अंडी सापडणार कशी? ऊन द्यावं तर कडक उन्हात तांदूळ तडकतो, कणी होते.

वर्षासाठी पॉलिशचा, जुना, दाताखाली कट्ट वाजणारा तांदूळ घ्या. हातसडी नकोच, कोंड्यातल्या तेलामुळे खवट होतो. दोन-दोन किलोच्या पिशव्या घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये 4 दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर दाण्यांना दमटपणा धरून बुरशी येते. मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरा. आंबेमोहोराचा वास मात्र तरीही उतरतो.