सारंगखेड्याला पहिल्यांदा घोडा नेताना या चुका टाळा

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत आपला दोन-तीन वर्षांचा मारवाडी किंवा काठेवाडी घोडा प्रथमच उतरवणारे मालक बहुधा चाल, नाच आणि अंगावरची चकाकी यांवरच सारी मेहनत खर्च करतात. घोडा बिघडतो तो मात्र वाटेत आणि रात्री मुक्कामाच्या जागी.

पहिली चूक गाडीची. जाण्याच्या दिवशीच टेम्पो आणून चार माणसांनी मागून रेटत घोडा चढवला, की त्याच्या लेखी गाडी म्हणजे संकट ठरते आणि परतीच्या वेळी तो फळीजवळ येईनासा होतो. महिनाभर आधीपासून उभ्या, बंद गाडीत चंदी (घोड्याचे धान्याचे खाद्य) खायला घालावी, मग इंजिन सुरू ठेवून तेच करावे आणि नंतर गावाला एखादा फेरा मारून परत आणावे. तळावर रबरी चटई किंवा वाळू असावी, कारण एकदा पाय घसरला की पुढची सारी शिकवण वाया जाते. दोर इतका आखूड बांधू नये की मान खाली जाणार नाही; तासन्‌तास डोके वर राहिले तर श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही आणि प्रवासानंतर फुप्फुसाला सूज येऊ शकते. म्हणून दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून मान मोकळी सोडावी व पाणी दाखवावे.

पाणी दाखवूनही घोडा पीत नसेल, तर तो हट्टीपणा समजू नये. परक्या पाण्याचा वास त्याला नकोसा वाटतो आणि कमी पाण्यावर कोरडा चारा खाल्ला की पोटशूळ उठतो. घरचे पाणी व ओळखीची बादली बरोबर न्यावी. यात्रेत ताकद यावी म्हणून अचानक हरभरा वाढवणे तर सरळ आजाराला निमंत्रण आहे. खाद्यातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

ढोल-ताशांची सवय दुरून आणि हलक्या आवाजापासून लावावी. एकटे राहण्याची सवय तितकीच आवश्यक असते, पण ती लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही: पागेतील सोबती दिसेनासा होताच खिंकाळत घाम गाळणारा घोडा स्पर्धेपूर्वीच दमलेला असतो. अशा घोड्याला गुंगीचे औषध टोचून शांत करण्याचा सल्ला काही जाणते देतात. पशुवैद्यकाला न विचारता तो मानू नये. काही गुंगीच्या औषधांनी नर घोड्याचे लिंग आत न परतण्याची इजा होऊ शकते.

नाल आदल्या दिवशी ठोकू नयेत. एखादा खिळा खुराच्या आतल्या जिवंत भागात घुसला, तर लंगडणे यात्रेतच उघड होते. आठवडाभर आधी नालबंद बोलवावा. धनुर्वाताची लसही ऐन वेळेवर ठेवू नये. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग असल्याने त्याच्या रक्ततपासणीचा दाखला जवळ ठेवावा आणि अहवालास लागणारा वेळ धरूनच नमुना द्यावा.

यात्रेत पोहोचल्यावर लगेच फिरवून दाखवण्याचा मोह आवरावा. शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचून घोड्याला जागा हुंगू द्यावी, डिसेंबरच्या थंडीत रात्री अंगावर झूल घालावी आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. विश्रांतीच्या वेळी ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट ठीक. त्याहून वाढ दिसली आणि खोकला किंवा चंदीवरची वासना उडाली असेल, तर स्पर्धा सोडून पशुवैद्यकाला बोलवावे. घरी परतल्यावरही दोन-तीन आठवडे त्याचा तोबरा (तोंडाला बांधायची खाद्याची पिशवी), बादली आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) इतर घोड्यांसाठी वापरू नये व त्याला पागेपासून दूर बांधावे.