फवारा मारला, पण फरशी किती वेळ ओली राहिली?

वराहपालनाचं प्रशिक्षण घेऊन आला असाल, तर जाती, खुराक, गाभण मादीची काळजी हे तुम्हाला ठाऊक आहे. शेड निर्जंतुक करताना मी जिथे फसलो तेवढंच सांगतो.

माझं शेड नागपूरच्या उमरेड रोडला आहे. पहिल्याच उन्हाळ्यात पिल्लांना पिवळी हगवण लागली. तपासणीत रोटा विषाणू निघाला. अकरा पिल्लं गेली. शेड रिकामं करून महागडं जंतुनाशक आणलं आणि भर दुपारी दोन वाजता पाठीवरच्या पंपानं फवारलं. पुढच्या पिल्लांनाही तीच हगवण! औषध बनावट असेल म्हणून दुसरं आणलं. पैसे गेले, हगवण राहिली.

औषध चांगलंच होतं. गव्हाणीखाली, कोपऱ्यांत वाळलेली विष्ठा तशीच होती आणि जंतुनाशक त्या घाणीतच खर्ची पडत होतं. म्हणून आधी कोरडंच खरवडून काढा. मग साबणाच्या पाण्यानं भिजवून ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा, वाळू द्या. साबण मागे राहू देऊ नका, त्यानं क्वाटर्नरी अमोनियमचं औषध (जंतुनाशकांचा एक नेहमीचा प्रकार) निकामी होतं.

दुसरी चूक उन्हाची. डब्यावर संपर्काची वेळ छापलेली असते, बहुधा 10 ते 30 मिनिटं. तेवढा वेळ जमीन ओली राहिलीच पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या घरात, त्यात पत्र्याखालचं तापलेलं सिमेंट. मी शेवटचा कोपरा फवारून वळलो, तर पहिला कोरडाठाक होऊन पांढरा पडला होता. आता पहाटे पाचला फवारतो, तळहात टेकवून बघतो आणि सुकायला लागलं की पुन्हा फवारतो. ब्लीचिंग पावडरचं पोतंही उघडं ठेवू नका, उन्हाळ्यात क्लोरीन उडून जातो.

घाबरू मात्र नका. स्वाइन फीव्हर म्हणजे डुकरांचा जीवघेणा ताप, त्याच्या विषाणूंना चरबीचं आवरण असतं, त्यामुळे नीट धुतलेल्या जागेवर जंतुनाशकापुढे ते टिकत नाहीत. रोटाला ते आवरण नसतं, म्हणून तो जास्त चिवट.

पण आफ्रिकन स्वाइन फीव्हर शेडमध्ये शिरला तर सगळा कळप जातो. 2020 मध्ये तो ईशान्य भारतात आला आणि आपल्या बाजारात त्यावर लस नाही. हॉटेलचं उष्टं फुकट मिळतं म्हणून आणू नका. त्यातल्या डुकराच्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने जगतो. आणायचंच असेल तर ढवळत अर्धा तास उकळा. डुकरं पटापट मरू लागली तर उरलेली विकायला काढू नका, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आणि जो मार्गदर्शक तुम्हाला रोगाचे जंतू आणू शकणाऱ्या बाहेरच्या चपलांनिशी स्वतःच्या शेडमध्ये फिरवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. माझ्या दारात पाहुण्यांसाठी दोन जोड गमबूट असतात. व्यापाऱ्याची गाडी फाटकाबाहेरच थांबते, डुकरं आम्हीच तिथवर नेतो. पहिल्या महिन्यात दोन व्यापारी रागावून गेले. एक परत आला, तो आता स्वतःहून बूट घालतो.