आधी विळा, मग जाळरेषा: माळरानावरच्या वणव्याची तयारी

दसरा झाला की माळाचा रंग बदलतो. माण-खटाव, सांगोला, जत भागात पावसाळी गवत याच सुमाराला फुलोऱ्यात येतं, आणि वणव्याचं कामही तेव्हाच हातात घ्यायचं असतं. वन विभाग वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतो. तोवर थांबलात तर डहाळ्या घेऊन आगीमागे पळणं तेवढं उरतं.

आधी गवत कापा. कुसळी या गवताला टोकदार कुसळं धरायच्या आत विळा लागला पाहिजे. नंतर ती कुसळं मेंढरांच्या तोंडात आणि लोकरीत रुततात, आणि वाळल्या काडीत पोषणही फारसं राहत नाही. जेवढं गवत गंजीत गेलं तेवढं वणव्याला कमी मिळालं, हा साधा हिशेब आहे. मात्र सगळा माळ बोडका करू नका. पवन्या आणि मारवेल या चाऱ्याच्या गवतांची थोडी बेटं बी पडायला राखा; तितर आणि ससे त्यांच्याच आडोशाला असतात. गंजी रचाल तिथे भोवतीची जमीन खरवडून मोकळी ठेवा.

दुसरं काम जाळरेषेचं, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून ठेवलेल्या पट्ट्याचं, नोव्हेंबर ते जानेवारीत. रस्ता, ओढा, पाऊलवाट असेल तिला धरून रेषा आखा, मेहनत निम्मी होते. साधारण वीस फुटांच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना चार-पाच फूट रुंद गवत मुळापर्यंत कापून आत ओढा. ते वाळलं की मधला पट्टा जाळा. सकाळी दव उडाल्यावर, वारा सुटायच्या आत. आग वाऱ्याच्या उलट आणि उताराने खाली सरकत यावी, म्हणून वारा जिकडे वाहतो त्या टोकाला, चढाच्या वरच्या बाजूला पेटवायचं. खालून पेटवलेली आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो. वारा आणि उतार एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे वारा चढाकडे वाहत नसेल, तर त्या दिवशी काडी ओढूच नका.

सोबत किमान सहा माणसं, भरलेले फवारणीचे पंप, ओली पोती, फावडी हवीत. अंगात सुती कपडे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. जळून झाल्यावर घरी जायची घाई नको. वाळलेलं शेण आणि जुनी खोडकी तासन्‌तास धुमसत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फेरी मारा.

हे सगळं स्वतःच्या मालकीच्या रानात, आणि तेही वनरक्षक, पोलीस पाटील, शेजारचे बांधकरी यांना आधी सांगूनच. गायरानाला ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय हात लावू नका. वनहद्दीत तर काडी नाहीच: राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे. कोकणात, मावळात राब भाजणाऱ्यांनीही (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळणाऱ्यांनीही) ही काळजी घ्यावी. राबाची ठिणगी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, गवतात गेली की पुढे आंबा-काजूची बाग असते.

आता तो जुना समज: डोंगर भाजला की गवत जोमात येतं. हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण येतं काय ते बघा. कुसळीचं बी आपल्या पिळदार शेपटीने मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं; वारंवार भाजलेल्या माळावर तिचंच राज्य होतं आणि जनावराला आवडणारं पवन्या-मारवेल मागे पडतं. राखेत पालाश उरतं, नत्र मात्र धुरातून उडून जातं. एप्रिलची आग तर बुंध्यापर्यंत भाजते आणि पहिल्या वळवात उघडी माती ओघळून जाते. त्याच दिवसांत टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात. म्हणून पट्टा जाळा, माळ नको.

एवढं करूनही माळ जळलाच, तर पहिला पावसाळाभर तिथे चराई बंद ठेवा. लोकांना हेच सगळ्यात जड जातं; वाडीत बसून एकदा ठरवल्याशिवाय ते टिकत नाही. मृग लागायच्या सुमाराला पवन्याचं बी मातीत आणि शेणखतात मिसळून फोका, जमेल तिथे मारवेलचे ठोंब लावा. खड्डे खणून झाडं लावायची हौस मात्र आवरा. माळढोकासारख्या पक्ष्याला मोकळं गवत लागतं, ग्लिरिसिडियाची दाटी नाही. माळाला पडीक म्हणणाऱ्यांनी मेंढपाळाला विचारावं.

आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1926 आहे. आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा, आणि कुठल्या टेकडीला फोनची रेंज मिळते तेही पाहून ठेवा.