आधी मुलांची वयं मांडा, मग घर विकायला काढा

भावाच्या किंवा बहिणीच्या अर्जावर अमेरिकेत येणारी मराठी कुटुंबं मी न्यू जर्सीत बरीच वर्षं पाहते आहे. आई-वडील आणि धाकटा मुलगा येतात, थोरली मुलगी सांगलीत किंवा पुण्यात मागे राहते. विचारलं तर आई सांगते, "ती एकवीसची झाली ना, मग तिचं नाव कटलं." कागद पाहायला घेतले की कित्येकदा कळतं, नाव कटायचं काही कारण नव्हतं. वेळेत कुणी वय मोजलंच नाही. हे परत परत पाहून जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात. अमेरिकन नागरिकाने सख्ख्या भावंडासाठी टाकलेला अर्ज एफ-४ या वर्गात जातो. या वर्गाला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत आणि कोणत्याही एका देशाला सुमारे सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग भयंकर लांब आहे. २०२५ साली २००६ सालच्या अर्जांचे नंबर लागत होते. अर्ज टाकताना बालवाडीत असलेलं मूल नंबर लागेपर्यंत पदवीधर होतं. कायद्याने 'मूल' म्हणजे एकवीस वर्षांच्या आतलं आणि अविवाहित. अर्ज टाकल्यानंतर जन्मलेली मुलंही धरली जातात. "तिचं नाव फॉर्मवर नव्हतं" म्हणून घाबरू नका.

आता मुख्य गोष्ट. ६ ऑगस्ट २००२ पासून इथे चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आहे. वकील त्याला सीएसपीए म्हणतात. सरकारने अर्ज मंजूर करायला जितके दिवस लावले तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, हा त्याचा गाभा. ज्या दिवशी नंबर लागतो त्या दिवसाचं मुलाचं वय घ्यायचं. आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठी टाकलेला अर्ज, दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा करायचे. उरलेलं वय एकवीसच्या आत असेल तर मूल कायद्याने मूलच.

समजा मामाने मार्च २००६ मध्ये अर्ज टाकला आणि तो मार्च २०१० मध्ये मंजूर झाला. नंबर लागला तेव्हा मुलगी २३ वर्षं ७ महिन्यांची होती. चार वर्षं वजा केली की ती १९ वर्षं ७ महिन्यांची ठरते, आई-वडिलांबरोबर येऊ शकते. हाच अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला असता तर ती २३ वर्षं १ महिन्याची राहिली असती आणि बाद झाली असती. म्हणजे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला म्हणून ज्यांनी तेव्हा मामाला बोल लावला, त्यांच्याच मुलांच्या उपयोगी तो उशीर पडतो. एक लक्षात ठेवा. मंजुरीनंतर नंबर लागेपर्यंतची पंधरा-सोळा वर्षं वजा होत नाहीत. लोक गोंधळतात ते इथेच.

म्हणून आजच भावाकडून दोन कागद मागवा: अर्जाची पावती आणि मंजुरीचं पत्र. दोन्हींवरच्या तारखा वहीत लिहा आणि मधले दिवस मोजा. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला पाहा. त्यात दोन तक्ते असतात. एक फायनल अ‍ॅक्शन डेट्सचा, दुसरा डेट्स फॉर फायलिंगचा. दुसरा तक्ता बहुतेक वेळा पुढे असतो, त्यावरून कागद गोळा करायला सुरुवात होते. मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा घेणाऱ्यांचं वय मात्र पहिल्या तक्त्यावर ठरतं. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख, तक्त्यातल्या तारखेच्या आधीची हवी, तीच तारीख असून चालत नाही. ज्या महिन्याच्या बुलेटिनमध्ये नंबर लागला, त्या महिन्याची १ तारीख वय मोजायला धरतात. मुलगा १२ मेला हिशेबाने एकवीस पूर्ण करणार असेल आणि नंबर मेमध्ये लागला, तर तो वाचला.

पण वजाबाकी जमली म्हणजे काम झालं असं नाही. नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाने व्हिसासाठी स्वतःचं पाऊल टाकलेलं असावं लागतं. तसं झालं नाही तर वजाबाकीचा सगळा फायदा जातो. ओळखीच्या एका कुटुंबाचं असंच झालं. मुलीचं वय हिशेबाने साडेवीसच्या आसपास येत होतं. नंबर लागला तेव्हा धाकट्याची बारावी होती. वडील म्हणाले, परीक्षा होऊ दे. मग प्लॉटला गिऱ्हाईक मिळेना. मग चातुर्मास, मग घरात एक आजारपण. फी भरली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आई, वडील, धाकटा यांना व्हिसा मिळाला, मुलीला नाही. 'विशेष परिस्थिती' म्हणून सूट मागता येते, पण त्यासाठी खरोखरच हाताबाहेरचं कारण दाखवावं लागतं. प्लॉट विकला गेला नाही, हे कारण कोणी ऐकत नाही.

डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरला म्हणजे उद्या विमानात बसायचं असं मुळीच नाही. हे मी भेटेल त्याला सांगते, कारण लोक नेमकी हीच भीती धरून थांबतात. फी भरा, प्रत्येक मुलाचा डीएस-२६० वेगळा भरून सबमिट करा आणि पोचपावतीचं पान छापून ठेवा. वर्षाची अट त्याने पुरी होते. कागद जमवायला, मुलाखतीला पुढे वेळ मिळतो. फक्त तुमची फाइल सांभाळणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरशी वर्षातून एकदा तरी संपर्क ठेवा, नाहीतर फाइलच बंद होते. आणि नंबर लागला तसा मागेही सरकतो. तसं झालं आणि तुम्ही काहीच केलेलं नसलं, तर तारीख परत लागेल तेव्हा वय नव्याने मोजतात. तोवर मूल मोठं झालेलं असतं.

पत्रं कुठे जातात तेही तपासा. २००६ साली भावाने दिलेला पत्ता आता त्याचा नसतो, ईमेल तर नसतोच. व्हिसा सेंटर त्याच पत्त्यावर कळवून मोकळं होतं. पत्ता बदलल्याचं आजच कळवा.

आता लग्न. यावर माझ्याशी भांडण झालं तरी चालेल, पण मी बोलणार. आपल्याकडे घरातून सगळे निघाले की आजी म्हणते, "पोरीचं उरकून टाका, परदेशात कोण बघणार?" आई-वडिलांच्या फाइलवरच्या मुलीचं लग्न झालं की ती त्याच क्षणी फाइलबाहेर. वय कितीही असो. नोंदणी केली नाही म्हणजे लग्न झालं नाही, हा समज डोक्यातून काढा. हिंदू विवाह कायद्याने विधिवत लग्न नोंदणीशिवायही लग्नच असतं. देवळात चार माणसांत लावलं तरी ते लग्नच. मुलाखतीत खोटं बोललात आणि पुढे उघड झालं तर ग्रीन कार्डच नाही, नागरिकत्वसुद्धा जाऊ शकतं. व्हिसा हातात पडल्यावर निघायच्या आधीच्या आठवड्यात लग्न लावणारेही आहेत. विमानतळावर उतरतानाही मूल अविवाहितच असावं लागतं. साखरपुडा करा, काही अडत नाही. लग्न मुलीने ग्रीन कार्डवर इथे पाय ठेवल्यानंतर. मग तिने नवऱ्यासाठी अर्ज टाकावा. त्यालाही थांबावं लागतं, पण मुलीचं पुढचं आयुष्य त्यापायी अडत नाही.

जन्मतारखेचा घोळ हा आपला खास प्रश्न. शाळेत घालताना वयाची अट बसावी म्हणून तारीख मागे ओढलेली, किंवा गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेला. नगरपालिकेच्या दाखल्यावर एक तारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी, पासपोर्टवर शाळेचीच. हिशेब दिवसांचा आहे. शाळेने मूल सहा महिन्यांनी मोठं केलेलं असेल तर ते सहा महिनेच त्याला बाद करतात. नोंद खरी असेल तर जन्माचा दाखला आणि पासपोर्ट आधी जुळवून घ्या. नंबर जवळ आल्यावर केलेली दुरुस्ती संशयाने पाहिली जाते. आणि वय कमी दाखवायला खोटा दाखला करवून घेऊ नका, त्यापायी अख्खं कुटुंब कायमचं बाहेर राहू शकतं.

आपल्या मंडळांत "होतं सगळं, आमच्या साडूचं झालं" असं ठासून सांगणारे बरेच भेटतील. साडूचा अर्ज मंजूर व्हायला पाच वर्षं लागली असतील, तुमच्या अर्जाला पाच महिने. दुसऱ्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही. "नाव टिकवून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्या एजंटांना दारातूनच परत पाठवा, तारखा कोणालाच बदलता येत नाहीत. वय सीमेवर असेल तर मात्र इथला परवानाधारक इमिग्रेशन वकील करा आणि त्याच्याकडून हिशेब लेखी घ्या.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी वेगळं लक्षात ठेवायचं. तुमच्या मुलांचा एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा एकविसाव्या वाढदिवशी संपतो, तिथे कोणतीही वजाबाकी नाही. ग्रीन कार्डाच्या वेळी वजाबाकी आहे, पण कंपनीने टाकलेला आय-१४० अर्ज जादा फी भरून प्रीमियममध्ये पंधरा कामकाजी दिवसांत मंजूर करून घेतला असेल तर वजा करायला जेमतेम तीन आठवडे. त्यात १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी इथेही वय फायनल अ‍ॅक्शन तक्त्यावरच मोजतात. त्याआधी फेब्रुवारी २०२३ पासून दुसऱ्या तक्त्याचा आधार मिळत होता. मूल अकरावीत गेलं की एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची तयारी करा. कॉलेजकडून आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म घेऊन बदलाचा अर्ज वाढदिवसाच्या आत जाऊ द्या. पहिलीपासून इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांना वाढदिवसाला परके ठरवणारा हा नियम अन्यायाचा आहे. अमेरिकेने मला पुष्कळ दिलं, तरी हे मला पटत नाही.

ग्रीन कार्डवाल्यांनी मागे राहिलेल्या बायको-मुलांसाठी एफ-२ए चा अर्ज टाकला असेल तर मुलांसाठी आय-१३० वेगवेगळे टाका. तुम्ही नागरिक झालात की बायकोच्या अर्जावर मुलं येत नाहीत, हे अनेकांना शपथविधीनंतर कळतं. शपथेच्या दिवशी मूल खरोखर एकवीसच्या आत असेल तर त्याचं वय तिथेच गोठतं, हा मोठा फायदा आहे. पण कॅलेंडरने एकवीस उलटलेलं आणि हिशेबाने आत बसणारं मूल असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय शपथ घेऊ नका. आपोआप नागरिकत्व मिळायची मर्यादा अठराची आहे. तिथे सीएसपीए चालत नाही.

सगळं करूनही मूल बाद झालं तर? एफ-४ ची जुनी तारीख त्याला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. आई किंवा वडिलांनी एफ-२बी या, ग्रीन कार्डवाल्यांच्या एकवीस उलटलेल्या अविवाहित मुलांच्या वर्गात नवा अर्ज टाकायचा, आणि तिथे आठ-नऊ वर्षं लागतात. त्या काळात तुम्ही ग्रीन कार्डवर असाल आणि मुलाने लग्न केलं, तर तो अर्जही रद्द होतो. तुम्ही आधी नागरिक झालात आणि मग त्याचं लग्न झालं तर अर्ज एफ-३ या, नागरिकांच्या विवाहित मुलांच्या वर्गात सरकतो. रांग लांबते, पण जागा राहते. म्हणून घर लागलं नाही, नोकरी मिळाली नाही, गाडी घ्यायची आहे म्हणत हा अर्ज लांबवू नका. उतरल्यानंतर हातात ग्रीन कार्ड यायची वाट पाहायचीही गरज नाही. पासपोर्टवरच्या व्हिसावर प्रवेशाचा शिक्का बसला की तो वर्षभर ग्रीन कार्डाचा पुरावा म्हणून चालतो. त्या पानाची प्रत, मुलाचा जन्मदाखला आणि फी घेऊन पहिल्याच आठवड्यात आय-१३० पाठवा, कारण अर्ज पोचेल त्या तारखेपासूनच त्याचा नंबर धरतात.