पोर्टफोलिओ पाठवला, पण उत्तरच नाही? या चुका टाळा

वीस ठिकाणी पोर्टफोलिओ (आपल्या कामांचे नमुने) पाठवला आणि कुठूनच उत्तर नाही, ही डिझाइनमध्ये नव्याने उतरणाऱ्यांची नेहमीची तक्रार. अशा वेळी घाईघाईने आणखी एक सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नका. आधी पाठवलेली फाइल उघडा.

पहिल्या वर्षाच्या स्केचपासून सगळं त्यात कोंबलंय का? पाहणारा तुमच्या सगळ्यात कच्च्या कामावरून अंदाज बांधतो. आठ-दहा कामं पुरे, त्यातलं सर्वांत दमदार सुरुवातीला.

त्याहून मोठी चूक म्हणजे नुसती देखणी शेवटची चित्रं लावणं. मुलाखतीत 'हाच रंग का?' असं विचारलं की 'छान दिसतो म्हणून' यापुढे गाडी सरकत नाही. प्रत्येक कामाखाली तीन-चार ओळी लिहा: अडचण काय होती, कोणते पर्याय बाद केले, का केले. बाद केलेली एक-दोन स्केचेसही दाखवा. मला तरी तीच आधी पाहावीशी वाटतात. गटात केलेलं काम असेल तर त्यातला आपला वाटा स्पष्ट सांगा.

सगळीकडे एकच फाइल पाठवणंही महागात पडतं. ॲनिमेशन स्टुडिओला शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) हवी असते, ॲप बनवणाऱ्यांना केस स्टडी (एखादं काम अडचणीपासून उत्तरापर्यंत कसं गेलं त्याची मांडणी).

काम मिळाल्यावरची फजिती वेगळीच. स्क्रीनवरचा झळझळीत निळा कागदावर मळकट उतरतो, कारण स्क्रीन आरजीबी (लाल, हिरवा, निळा) प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई सीएमवायके (सियान, मजेंटा, पिवळी, काळी) शाईने होते. शाईला तेवढे भडक रंग गाठता येत नाहीत. छापील कामाची फाइल सीएमवायकेमध्ये बनवा, फोटो 300 डीपीआयचे (इंचाला 300 ठिपके) घ्या, कडेला साधारण 3 मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून डिझाइनचा जास्तीचा भाग) सोडा. लोगो व्हेक्टरमध्येच (कितीही मोठं केलं तरी स्पष्ट राहणाऱ्या चित्रप्रकारात) करा, नाहीतर होर्डिंगवर त्याच्या कडा फाटतात. फुकट मिळालेल्या फॉन्टचं लायसन्सही वाचा. बरेच फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात.

फ्रीलान्स करताना ॲडव्हान्स किती, बदल किती वेळा, मूळ फाइल आणि हक्क कोणाचे, हे ईमेलवर लिहून घ्या. 'एक छोटासाच बदल' नवव्यांदा येतो तेव्हा तोच ईमेल कामी येतो.

आणि हो, पोर्टफोलिओची लिंक स्वतःच्या खात्यातून लॉग आउट करून दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. तिथे 'परवानगी मागा' असं आलं, तर त्या वीस जणांनाही तेच दिसलं असणार.