फिग्मा शिकू की कोडिंग? कोल्हापुरातल्या नव्या वेब डेव्हलपरसाठी

"दादा, आधी फिग्मा शिकू की कोडिंग?" राजारामपुरीतल्या क्लासमधून बाहेर पडणारी पोरं-पोरी हे हमखास विचारतात. फिग्मा म्हणजे कोड लिहिण्याआधी पानाचं डिझाईन आखायचं सॉफ्टवेअर. माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्ही कामापुरतं शिका आणि उरलेला सगळा वेळ एखाद्या खऱ्या दुकानाचं किंवा कारखान्याचं एक पान बनवण्यात घाला. खरा मजकूर, खरं गिऱ्हाईक आणि खरा मोबाईल हातात आल्याशिवाय वेबचं काम कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते कशावरून झालं, ते सांगतो.

आधी सॉफ्टवेअरचं बोलू. कोल्हापुरात डिझाईन म्हटलं की अजून छपाईच्या डिझाईनचं कोरलड्रॉच आठवतं. डीटीपी आणि डिजिटल बॅनरच्या दुकानांत काम करून वेबकडे वळलेली बरीच मुलं मला भेटतात आणि त्यांची नजर चांगली तयार असते. रंग, मोकळी जागा, ओळ सरळ आहे की नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही. फक्त एक सवय सोडावी लागते. बॅनर दहा बाय पाचचा म्हटला की तो तेवढाच राहतो, वेबपानाची रुंदी मात्र वाचणाऱ्याच्या हातात असते. वेब डिझायनर ईथन मार्कोटनं २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन', म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं जुळवून घेणारं पान, ही कल्पना मांडली ती याच अडचणीवर. वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस. तिच्यातली ग्रिड ही मांडणीची पद्धत २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांत आली आणि तेव्हापासून असं काम खूप सोपं झालं.

फिग्मा मला मनापासून आवडतं आणि त्याचं कारण आपल्या भागाशी जोडलेलं आहे. त्याआधी वेब डिझाईनवाल्यांमध्ये स्केच या सॉफ्टवेअरचा बोलबाला होता, पण ते फक्त ॲपलच्या मॅकवर चालायचं. इथल्या किती घरांत मॅक होता? फिग्मा २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, ते ब्राउझरमध्ये चालतं आणि साध्या लॅपटॉपवर फुकट सुरू करता येतं. त्यानं आपल्यासारख्यांना दार उघडून दिलं. तरी कुठल्याही एका सॉफ्टवेअरवर करिअर टांगू नका. फोटोशॉपवाल्या ॲडोबीनं २०१३ मध्ये आपल्या फायरवर्क्स या वेब डिझाईनच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवला. त्याच ॲडोबीनं २०२२ मध्ये फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार मोडला. या उलथापालथीत आपला काही हात नसतो. म्हणून लोगो, आयकॉन यांच्या एसव्हीजी फायली (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या, मोठं केलं तरी न फाटणाऱ्या) वेगळ्या जपून ठेवा. एसव्हीजी काढायचं इंकस्केप फुकट आहे, फिग्मासारखं पेनपॉट मुक्तस्रोत आहे, दोन्ही एकदा उघडून बघा.

फिग्मात शिकायचंच तर ऑटो लेआउट, म्हणजे घटक आपोआप ओळीत मांडायची सोय, आधी शिका. त्यातली दिशा, आतली मोकळी जागा, दोन घटकांमधलं अंतर, हे सगळं पुढं फ्लेक्सबॉक्समध्ये, म्हणजे सीएसएसच्या तशाच मांडणीत, जवळजवळ तसंच उतरतं. आणि चौकटीत 'लॉरेम इप्सम' हा जागा भरायचा खोटा मजकूर भरू नका. गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या यादीतलं सगळ्यात लांब नाव, सगळ्यात लांब पत्ता आणि सगळ्यात मोठी किंमत भरा. डिझाईन तिथं टिकलं की पुढंही टिकतं.

आता मजकुरावर थोडा थांबतो, कारण मराठी साईटचं निम्मं दुखणं इथंच असतं. गिऱ्हाईक पेनड्राईव्हवर जुन्या माहितीपत्रकाची फाईल देतं. छापलेलं सुंदर मराठी दिसतं, पण कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. जुन्या फॉन्टांमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट काढला की आतलं उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःची जागा आहे, पण छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट पुढं कितीतरी वर्षं चालले. कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र रफार आणि ऱ्हस्व वेलांटी नीट तपासा. जुन्या पद्धतीत ही चिन्हं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं टाईप केलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं असतात, आणि बदलताना नेमकी तीच शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. बदललेला मजकूर गिऱ्हाइकाला वाचायला द्या, त्याचा होकार मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

फॉन्ट निवडताना मी 'मूर्तींमध्ये' हा शब्द मोठ्या शीर्षकात टाकून बघतो. त्यात खाली दीर्घ ऊकार आहे, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी आहेत. इंग्रजी साईटवरून उचललेल्या साच्यात शीर्षकाची ओळ-उंची बहुतेक १.१ किंवा १.२ असते. तेवढ्यात वरचा अनुस्वार छाटला जातो किंवा वरच्या ओळीच्या ऊकाराला जाऊन भिडतो. मराठीला १.४ च्या खाली जाऊ नका, परिच्छेदाला १.६ किंवा १.७ द्या. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, कारण लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. एचटीएमएलच्या (पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेच्या) पहिल्या टॅगमध्ये 'लँग' (lang) ला 'एमआर' (mr) लिहा. ही एक ओळ बहुतेक जण गाळतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगितल्याशिवाय ते पुढं येत नाहीत. डोळ्यांनी न वाचता मोबाईलकडून वाचून घेणाऱ्या माणसालाही याच ओळीमुळं योग्य आवाज मिळतो.

कोडमधल्या अडचणींचं सांगायचं तर नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे मोबाईलवर पान आडवं सरकणं. शेकडो ओळींच्या सीएसएसमध्ये अंदाजानं बदल करत बसू नका. ब्राउझरचं इन्स्पेक्ट, म्हणजे पानाचा कोड तपासायची खिडकी, उघडा, सगळ्या घटकांना लाल आऊटलाईन द्या आणि कुठली चौकट बाहेर आली ते नजरेनं शोधा. बऱ्याचदा ती फ्लेक्सबॉक्समधली असते आणि आत लांबलचक ईमेल नाहीतर वेबपत्ता असतो. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते. आतला सगळ्यात लांब शब्द मावेल त्याच्या खाली तो आकसत नाही. त्याला मिन-विड्थ शून्य द्या, ओव्हरफ्लो-रॅपला ब्रेक-वर्ड द्या, पान जागेवर येतं. पण उत्तरापेक्षा शोधण्याची रीत हाताशी ठेवा. एकेक नियम बंद करायचा, काय बदललं ते बघायचं, कारण सापडेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. एआयला विचारायला माझी ना नाही, पण चौकट कुठली बाहेर आली हे आधी स्वतः शोधून मग विचारा. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं.

मुलाखतीत विचारतात ती कोडी वेगळी. शब्द उलटा करा, ॲरेमधला (यादीतला) दुसरा मोठा आकडा काढा वगैरे. त्यांचा सराव करावाच लागतो, पुण्यातल्या कंपन्यांची पहिली चाळणी तीच असते. पण घरी सराव करताना इंग्रजी शब्दाऐवजी 'कोल्हापूर' घेऊन बघा. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा त्याची लांबी ९ सांगते. आपल्याला को, ल्हा, पू, र अशी चारच अक्षरं दिसतात. काना, मात्रा, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. नेहमीच्या पद्धतीनं स्प्लिट, रिव्हर्स, जॉईन (तोडा, उलटा, जोडा) केलं की 'रूपाह्लोक' बाहेर येतं, म्हणजे पूचा ऊकार रला लागला आणि कोचा ओकार ह्लला. खरं उत्तर 'रपूल्हाको' असायला हवं. इथून स्ट्रिंग (कोडमधला मजकूर) म्हणजे नक्की काय, हे जे समजतं ते पन्नास कोडी पाठ करून समजत नाही. हेच पुढं कामातही भेटतं. एसएमएस किंवा शीर्षक अमुक अक्षरांवर तोडायचं म्हटलं की मराठी शब्द अर्ध्या जोडाक्षरावर तुटतो. अशा ठिकाणी जावास्क्रिप्टमधलंच इंटल-सेगमेंटर (Intl.Segmenter) वापरा. आकडे मराठीत हवे असतील तर इंटल-नंबरफॉरमॅटला (Intl.NumberFormat) 'एमआर-आयएन' (mr-IN) द्या, १,२३,४५६ असं आपल्या पद्धतीचं स्वल्पविरामांसह मिळतं. त्यासाठी हातानं कोड लिहायची गरज नाही.

आता प्रवास. मी फिरायला जातो तेव्हा काम सुटत नाही, उलट बरंच काम तिथंच उलगडतं. पहिला प्रवास अगदी जवळचा, गिऱ्हाइकाच्या दुकानापर्यंतचा. चप्पल विकणाऱ्यांच्या साईटी बघा. चौकोनी फोटो, वरून काढलेले, टाच कापलेली. एकदा चप्पल लाईनमध्ये एका दुकानात नुसता बसून होतो. येणारा माणूस चप्पल हातात घ्यायचा, पहिल्यांदा उलटी करायचा, तळाची जाडी बघायचा, जरा वाकवायचा, मग वेणी आणि कान न्याहाळायचा, आणि सगळ्यात शेवटी किंमत विचारायचा. मालक म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक आधी तळच बघतंय. वरची नक्षी काय, सगळीकडंच मिळतीया." त्या एका वाक्यावर पानाची सगळी रचना ठरली. तळाचा फोटो पहिल्या तिनांत, बाजूनं जाडी दाखवणारा फोटो, वजन, आणि पायाचं माप कागदावर कसं काढायचं ते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे त्यात येतात. नक्कल बाजारात भरपूर असल्यानं ही माहितीसुद्धा पानावर ठळक हवी.

कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलात तर चित्र पार वेगळं. तिथल्या फाउंड्रीच्या (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या) साईटवर येणारा खरेदीदार मोठे फोटो बघायला येत नाही. त्याला कास्टिंगचा ग्रेड हवा असतो, एफजी २६० आहे का, वजन किती झेपतं, ड्रॉईंग पाठवायचं कुठं. अशा पानाचा जीव तक्त्यात असतो. तक्ता मोबाईलवर सरकताना पहिला रकाना जागेवर राहिला पाहिजे. सीएसएसच्या पोझिशन स्टिकीनं ते होतं. दिसायला साधं काम आहे, पण खरेदीदाराचा फोन याच्यावरच येतो.

दुसरा प्रवास रेंज जाते तिथला. रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एसटी पकडायची आणि खिडकीशी बसून आपली साईट मोबाईलवर उघडायची. अंतर साधारण ५५ किलोमीटर. कळे मागं पडलं की ऊस आणि डोंगर सुरू होतात, पुढं रेंज येत-जात राहते, गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात उतरलात तर विचारूच नका. ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम मंद करून तपासायची सोय असते, पण ते मंद नेट सलग चालू असतं. या वाटेवरचं नेट अर्धं पान देऊन गायब होतं. नवशिक्यांच्या साईटी तिथं कुठं अडकतात, ते लगेच कळतं. कॅमेऱ्यातून आलेला चार-पाच एमबीचा फोटो थेट चढवलेला असतो. मोबाईलवर तो जेमतेम ३६० पिक्सेलच्या चौकटीत दिसतो. चांगल्या स्क्रीनसाठीही हजारभर पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलक्या फोटो-फाईलचा प्रकार) पुरतो. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळं आकार भरपूर असतात, फाईल जड होते, ती येईपर्यंत सुरुवातीचे काही क्षण अक्षरंच दिसत नाहीत. सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्लेला 'स्वॅप' दिलं की मोबाईलमधल्या साध्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच वाचता येतो. फिकट राखाडी अक्षरं खिडकीतल्या उन्हात पुसली जातात. मजकूर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा, हा प्रमाणित नियम आहे, आणि तो का आहे ते एसटीत उन्हाकडं तोंड करून बसल्यावर पटतं. बस खड्ड्यातून जाताना बारीक बटण दाबलं जात नाही, म्हणून बटणं ४४ पिक्सेलच्या खाली नकोत. आणि दुकानाचा फोन नंबर चित्रात टाकू नका. पानाच्या सुरुवातीलाच साध्या अक्षरांत, थेट कॉल लागेल असा टाका. नेट गेलं तरी कॉल लागतो.

हे सगळं वहीत लिहून घ्या, गगनबावड्यात उतरून चहा घ्या, पावसाळा असेल तर धुक्यात तासभर नुसते हिंडा. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला लांबवर बघायला मिळणं हीसुद्धा गरजच आहे. येताना त्याच बसमध्ये शेजारच्या काकूंना साईट दाखवा आणि "यात किंमत कुठं दिसते बघा" एवढंच सांगा. त्यांचा अंगठा कुठं अडखळतो ते बघत राहा, मध्ये बोलू नका.

राहिलं पैशाचं आणि व्यवहाराचं. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या. तुमच्या नावावर घेतलेलं डोमेन पुढं भांडणाचं कारण होतं. निम्मी रक्कम आधी घ्या आणि किती पानं, किती वेळा बदल, मजकूर कोण देणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. ओळखीतलं काम असलं तरी करा, ओळखीतलं असलं तर नक्कीच करा. कोड रोज गिटवर (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरवर) टाकून बाहेरच्या सर्व्हरवर पाठवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसांत संगणक भिजले आणि ज्यांचं काम फक्त त्याच डिस्कवर होतं, त्यांच्या हाती काही राहिलं नाही.

नोकरीसाठी हिंजवडीला जायचं की इथंच राहून काम करायचं, हे ज्यानं-त्यानं घर बघून ठरवावं. पुण्यात मोठी टीम मिळते, आपला कोड दुसरा वाचतो, त्यातून झपाट्यानं शिकायला होतं. इथं गिऱ्हाईक थेट भेटतं. जमलं तर आधी दोन-तीन वर्षं पुण्यात काढून यावं, असं मला वाटतं. कुठंही अर्ज करा, पोर्टफोलिओत चित्रपट-तिकिटाचं काल्पनिक ॲप ठेवू नका. आपल्या गल्लीतलं एक दुकान घ्या, त्याचं पान खरोखर सुरू करा आणि अर्जासोबत त्या पानाचा पत्ता द्या. खाली चार ओळींत लिहा: आधी काय अडत होतं, कुणाशी बोललात, काय बदललं. मुलाखत घेणारा पहिला प्रश्न त्यावरच विचारेल आणि त्याचं उत्तर तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.